चालतें दप्तर आणि खिशांतली यादी

कल्याणजवळ उल्हास नदीच्या कांठीं मोहने हें गांव आहे, आणि त्या गांवांत आमचें बिऱ्हाड आहे. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षांतून एकदां आपण हयात असल्याचा दाखला त्यांना द्यावा लागतो. त्यांच्या बोटांच्या रेषा वयोमानानें इतक्या पुसट झाल्या आहेत, कीं ठसा घेणारें यंत्र त्यांना ओळखीत नाहीं. तेव्हां त्यांना प्रत्यक्ष बँकेंत घेऊन जाण्याचें आम्हीं कबूल केलें. हें काम आम्ही लिहून ठेवावयास विसरलों असें मात्र नाहीं. मोबाइलमधल्या ज्या ॲपांत आम्ही आमचीं सर्व कामें लिहीत होतों, त्यांत तें त्याच संध्याकाळीं लिहिलें, तारीख घातली, आणि त्या तारखेस सकाळीं नऊ वाजतां ॲपनें इमानानें घंटाही वाजविली. आम्ही त्या वेळीं आंबिवलीहून सुटलेल्या गाडींत दाराशीं उभे होतों. आम्हीं घंटा बंद केली. दुसऱ्या दिवशीं तें काम तांबड्या अक्षरांत 'राहिलेलीं कामें' या सदराखालीं जाऊन बसलें, आणि त्या सदरांत आधींच एकशेंचाळीस कामें बसलेलीं होतीं.

शेजाऱ्यांची पेन्शन दोन महिने थांबली. त्या दोन महिन्यांचीं औषधें त्यांनीं उधारीवर आणलीं, हें आम्हांस मागाहून कळलें. ते आमच्याकडे आले ते तक्रार करावयास आले नाहींत. उंबऱ्याशीं उभे राहून त्यांनीं एवढेंच विचारलें, "बरं नव्हतं का हो तुम्हांला? मी आपला रोज कपडे घालून बसत होतो." त्यांच्या या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हतें. आमचें विस्मरण झालें नव्हतें, आजार नव्हता, बेइमानीही नव्हती. काम लिहिलेलें होतें आणि तरीही तें झालें नव्हतें.

अशा प्रसंगीं शहाण्या मनुष्याचें जें होतें तेंच आमचें झालें; म्हणजे आम्हीं दोष साधनास दिला आणि दुसरें ॲप शोधूं लागलों. घरांत एक लहानशी परिषदच भरली. भाच्याचें एक मत, मुलीचें दुसरें, कचेरींतल्या मित्राचें तिसरें. एकांत कामें पत्त्यांप्रमाणें रकान्यांतून पुढें सरकवितां येतात. दुसऱ्यांत काम पुरें केल्याबद्दल गुण मिळतात. तिसऱ्यांत प्रत्येक कामास रंग, चिठी, महत्त्वाची पायरी आणि लागणारा वेळ एवढें सर्व लिहितां येतें. पंधरा दिवसांत आम्हीं चार ॲपें पाहिलीं. ती एकशेंचाळीस कामांची तांबडी यादी या घरांतून त्या घरांत हलविण्यांत दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या दोन संध्याकाळांत त्यांतलें एकही काम झालें नाहीं. साधन बदलण्यांत एक मोठें सुख असतें, तें येथें कबूल केलेंच पाहिजे. नव्या वहीच्या पहिल्या पानावरचें अक्षर नेहमीं सुंदर येतें. परंतु शेजाऱ्यांचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना, आणि तेव्हां इतिहासाच्या वाचनाची जी थोडीबहुत खोड आम्हांस आहे, तिच्या नादानें आम्हीं स्वतःलाच विचारलें: ज्यांच्या शिरावर आमच्याहून हजारपट कामें होतीं, ते आपल्या कामांची याद कशी ठेवीत होते?

आपल्याकडे लेखनाचा विचार झालेला नाहीं असें नाहीं. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे, आणि त्यांत अक्षर, शाई, लेखणी, कागद यांचा किती बारकाईनें परामर्श घेतला आहे हें वाचकांस ठाऊकच आहे. पण तो विचार टिकावयाच्या लेखनाचा आहे. ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या राहावा म्हणून लिहावयाचा असतो. यादी ही शक्य तितक्या लौकर खोडली जावी म्हणून लिहावयाची असते. या दुसऱ्या जातीच्या लेखनाचें शास्त्र संतांकडे किंवा पंडितांकडे शोधण्यांत अर्थ नाहीं. तें कारकुनांकडे सांपडतें, आणि महाराष्ट्रांत कारकुनांचें सर्वांत मोठें घर म्हणजे पेशव्यांचें हुजूर दफ्तर.

या दफ्तराची अंतर्व्यवस्था सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत सविस्तर सांगितली आहे. नाना फडणविसांच्या अंमलांत ऐन भराच्या काळीं तेथें दोनशेंवर कारकून लिहीत असत. सनदा, हुकूम, देणग्या, नेमणुका, जमा आणि खर्च या सर्वांची दिवसाची नोंद रोजकिर्दींत होई. मोडी अक्षरांत, बोरूनें, लेखणी फारशी न उचलतां लिहिलेल्या त्या रोजकिर्दी आज पाहिल्या म्हणजे प्रथम भीतीच वाटते. कारण त्यांत लहान आणि मोठें असा भेदच नाहीं. जें ज्या दिवशीं घडलें तें त्या दिवसाखालीं. एखाद्या सरदाराची नेमणूक आणि एखाद्या देवस्थानच्या तेलवातीचा खर्च एकाच पानावर शेजारीं शेजारीं नांदतात. आमच्या ॲपांतल्या यादीसारखाच हा प्रकार, असें पाहणारास वाटेल. परंतु दफ्तराचें काम रोजकिर्दीपाशीं संपत नसे. तेथें तें सुरू होत असे. रोजकिर्दींतल्या नोंदी विषयवार निवडून त्यांची घडणी करीत, पुढें खतावणी, पुढें सालअखेर जमाखर्चाचे गोषवारे. एकच मजकूर तीन-चार हातांखालून जाई, आणि प्रत्येक हात त्यास त्याच्या जागीं नेऊन ठेवी.

पण आमच्या मनांत खोल रुतली ती याहून निराळी गोष्ट. हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एकाचें नांव चालतें दफ्तर. दुसऱ्याचें एकबेरीज दफ्तर. चालतें दफ्तर फडणविसांच्या नजरेखालीं असे, आणि ज्यांचें काम अद्याप चालू आहे असे कागद त्यांत राहत. ज्यांची तात्काळ गरज उरली नाहीं ते हिशेब एकबेरीज दफ्तरांत जात. तें कायमचें पुण्यासच असे, आणि तेथें त्यांचें वर्गीकरण होऊन बेरजा निघत. या दोन नांवांत जें शहाणपण आहे तें आम्हीं पाहिलेल्या चार ॲपांपैकीं तिहींत नव्हतें. त्यांत लिहिलेलें सर्वच 'चालतें' होतें. तीन वर्षांपूर्वीं मनांत आलेलें 'तबला शिकावा' आणि उद्यांचें 'शेजाऱ्यांस बँकेंत न्यावें' हीं दोन्ही एकाच अंगणांत, एकाच तांबड्या शाईंत, एकाच आवाजानें हांका मारीत होतीं. कोणाचीच हांक ऐकूं येत नव्हती याचें नवल नाहीं. आमचा अपराध काम न लिहिण्याचा नव्हता. चालतें दफ्तर आणि मेलेलें दफ्तर यांमधली भिंत आम्हीं उभीच केली नव्हती.

भिंत उभी करण्यास मात्र कोणी तरी मनुष्य लागतो, हेंही त्याच दफ्तराच्या पुढच्या इतिहासावरून दिसतें. १८०० सालीं नाना वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दींत दफ्तराकडे जें दुर्लक्ष झालें त्याचा उल्लेख इंग्रज अंमलदारांनीं पुढें स्पष्टपणें केला आहे. बोरू तेच होते, कागद तेच होते, कारकुनांची विद्या तीच होती. विचारणारा राहिला नाहीं, एवढाच फरक. ज्यांना साधनाचा मोह फार आहे (त्यांत आम्ही आहोंत) त्यांनीं या एवढ्याशा गोष्टीपाशीं थोडें थांबावें असें वाटतें.

१८१८ नंतर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. पुढें इनाम कमिशनचा काळ आला. १८५२ च्या कायद्यानें त्या चौकशीस पुरा जोर चढला. घरोघरच्या इनामांचा आधार काय, हें पाहण्याकरितां जुनीं दफ्तरें उकलण्यांत आलीं. पेशव्यांच्या कारकुनानें ज्या नोंदी आपल्या धन्याच्या सोयीकरितां केल्या होत्या, त्यांच्याच आधारें परक्या सरकारानें त्या धन्याच्या आश्रितांच्या नातवंडांकडे पुरावा मागितला. नोंद सांपडली तर जमीन राहिली. न सांपडली तर अनेकांची गेली. लिहिणारानें लिहितांना ज्याची कल्पनाही केली नव्हती त्याच्या हातीं कागद जातो, आणि कागदाचा अर्थ पुढें तो हात ठरवितो. आपलें दफ्तर कोणाच्या घरीं राहतें, हा प्रश्न त्यामुळें वाटतो तितका कोरडा नाहीं. पुढें ॲपांच्या संबंधानें तो पुनः येणारच आहे.

त्याच कागदांचें दुसरें भाग्यही सांगितलें पाहिजे. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिशींतून उतारे निवडले; न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० सालीं, आपल्या आयुष्याच्या अगदीं अखेरीस, त्यांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि राजांच्या लढायांपलीकडे प्रजेचें जीवन या रुक्ष नोंदींत सांपडतें हें दाखविलें. गोविंद सखाराम सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पांच वर्षांत पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग बाहेर काढले. मेलेल्या दफ्तरास असा उद्धारक भेटला म्हणजे त्याचा इतिहास होतो. आमच्या एकशेंचाळीस कामांस कोणी सरदेसाई भेटेल असा संभव नाहीं, आणि भेटलाच तर मराठ्यांच्या विद्यमान पिढीस तबला शिकण्याची इच्छा फार होती, एवढाच सिद्धांत त्याच्या हातीं लागेल.

हुजूर दफ्तराचा वारसा कोठें गेला असें कोणी विचारील तर आम्ही त्यास जवळच्या तहसील कचेरींत जाऊन यावयास सांगूं. सरकारी कचेरीची थट्टा करण्याची आपणां सर्वांस संवय आहे, आणि थट्टेस कारणेंही पुष्कळ आहेत. परंतु महाराष्ट्राच्या महसुली कचेऱ्यांत एक पद्धत शिकविली जाते तिचें नांव सहा गठ्ठे पद्धत, आणि ती ज्यानें प्रथम बसविली त्याच्या बुद्धीस नमस्कार करावासा वाटतो. कारकुनाच्या मेजावरील सर्व कागदांचे सहा गठ्ठे करावयाचे. पहिला प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर आपणच कांहीं करावयाचें आहे अशांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. आपण पत्र धाडलें आहे, दुसऱ्या कचेरीचें उत्तर येईपर्यंत आपल्यास कांहीं करतां येत नाहीं, अशांचा. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे ठराविक मुदतीनें पुनः पुनः पाठवावयाच्या विवरणपत्रांचा. चौथ्यांत स्थायी आदेश. पांचवा अभिलेख कक्षाकडे पाठवावयाच्या, निकालांत निघालेल्या कागदांचा. आणि सहावा नष्ट करावयाच्या कागदांचा.

या सहांपैकीं दुसऱ्या गठ्ठ्याकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. आपल्या मनावर जो भार असतो त्यांतला केवढा तरी भाग आपण न केलेल्या कामांचा नसतो. दुसऱ्यानें करावयाच्या आणि आपण ज्यांची वाट पाहत आहों अशा कामांचा असतो. गवंडी उद्यां येतों म्हणाला आहे. शाळेनें दाखला देतों म्हटलें आहे. भावाचें उत्तर यावयाचें आहे. हीं सर्व आपण आपल्या कामांच्या यादींत लिहितों, रोज वाचतों, आणि रोज स्वतःस आळशी म्हणून घेतों. कचेरींतला कारकून त्यांचा गठ्ठा निराळा बांधतो, मुदत गेली कीं स्मरणपत्र धाडतो, आणि तोंवर पहिल्या गठ्ठ्यावर मन लावतो. सहावा गठ्ठाही असाच मोलाचा आहे. फाडून टाकण्याचीही एक जागा असावी, हें घरगुती यादी करणाऱ्या कोणासही सुचत नाहीं.

शिवाय कचेरींत प्रत्येक कारकुनास कार्यविवरण नोंदवही ठेवावी लागते, आणि किती आलें, किती निकालांत निघालें, किती राहिलें याचा गोषवारा दर आठवड्यास वरिष्ठांपुढें जातो, निदान जावा असा दंडक आहे. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत आपल्या कचेरींत जी सुधारणा केली ती पुढें 'लखिना पॅटर्न' या नांवानें राज्यभर गाजली. तींत नवें यंत्र असें विशेष कांहींच नव्हतें. जुन्या कागदांची छाननी केली, निरुपयोगी होते ते काढून टाकले, राहिले ते लावून ठेवले, आणि बसण्याच्या जागा अशा केल्या कीं कोणाच्या मेजावर काय पडून आहे हें इतरांस दिसावें. मेज मोकळें झालें तसें काम दिसूं लागलें.

हें सर्व राज्याचें आणि सरकारचें झालें. सामान्य गृहस्थास स्वतःच्या कामांची स्वतः यादी ठेवण्याची पाळी केव्हां आली? आमच्या समजुतीप्रमाणें ती फार जुनी नाहीं. शेतकऱ्याचें वेळापत्रक नक्षत्रें ठरवीत. गृहिणीचें सणवार ठरवीत. आणि त्या दोहोंचा मेळ पंचांग घाली. १८३१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजींच्या छापखान्यांत मराठी पंचांग छापलें गेलें, आणि जोशीबुवांच्या काखेंतली वस्तु हळू हळू घरच्या खुंटीवर आली. पुढें १८५४ च्या मे महिन्यांत आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि मिनिटांचा हिशेब आला. त्या हिशेबाविरुद्ध मुंबईकरांनीं तक्रार केली नाहीं असें नाहीं. १९०६ मध्यें देशास एक वेळ लागू झाली तरी मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें आपली एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली मुंबईची वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नाहीं. पण गाडी कोणाकरितां थांबत नाहीं, हें आंबिवलीच्या फलाटावर रोज पहाटें धांवणाऱ्यास कोणी सांगावयास नको.

आमच्या मोहन्याचें वेळापत्रक तर बरींच वर्षें कारखान्यानें ठरविलें. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ सालीं निघाली, तिचा कारखाना येथें उभा राहिला, आणि त्याच्याभोंवतीं वसाहत, शाळा, बाजार असें एक गांवच वसलें. केव्हां उठावें, केव्हां जेवावें, बाजार केव्हां करावा, इतकेंच नव्हे तर लग्नाची तारीख कोणती धरावी, हें सुद्धां पाळी पाहून ठरे. २००९ मध्यें कारखान्यास टाळें लागलें. हजारों घरांत पगार थांबला हें तर उघडच आहे. परंतु दिवसही थांबला, ही गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानांत येत नाहीं. वेळ कोणी तरी आखून देतो तेव्हां त्याच्या जाचाबद्दल आपण कुरकुर करतों. तो आखणारा नाहींसा झाला म्हणजे सकाळीं उठून मनुष्य स्वतःलाच विचारतो कीं, आज काय? शेजारचे वृद्ध गृहस्थ त्या पिढीचे. ते रोज कपडे घालून आमची वाट पाहत बसले होते याचा अर्थ आम्हांस हा इतिहास आठवल्यावर अधिक कळला. त्यांच्या दिवसांत आम्हीं एक पाळी लावून दिली होती आणि पाळीवर आम्हीच आलों नाहीं.

स्वतःच्या वेळाचें दफ्तर स्वतःच ठेवण्याची ही गरज विलायतेंत आपल्या आधीं उत्पन्न झाली. लंडनच्या जॉन लेट्सनें १८१२ सालीं तारखांचीं पानें आखलेली डायरी विकावयास काढली. सुटीं पानें घालतां-काढतां येतील अशी फायलोफॅक्स त्याच शहरांत १९२१ मध्यें निघाली. आपल्याकडे नव्या वर्षाची डायरी भेट मिळते, जानेवारीभर लिहिली जाते, आणि फेब्रुवारीपासून धोब्याच्या हिशेबास लागते. त्यापेक्षां १९७३ पासून निघत असलेलें 'कालनिर्णय' आपल्या प्रकृतीस अधिक मानवलें. त्याच्या चौकोनांत दूध किती घेतलें, गॅस केव्हां लावला, बाई केव्हां आली नाहीं, हें लिहिलेलें नाहीं असें मराठी घर विरळा. या साधनाचा मोठा गुण असा कीं, तें भिंतीवर असतें आणि घरांतले सर्व तें पाहतात. चौकोन लहान असल्यामुळें त्यांत तीनपेक्षां अधिक कामें मावत नाहींत, हा दुसरा गुण. तो दोष आहे असें आम्हांस पूर्वीं वाटे.

खिशांतलें यंत्र आलें आणि चौकोनाची ही मर्यादा सुटली. २००१ सालीं डेव्हिड ॲलन या अमेरिकन गृहस्थानें 'गेटिंग थिंग्ज डन' नांवाचें पुस्तक लिहिलें, आणि पुढच्या बहुतेक ॲपांनीं आपली वंशावळ त्याच्याशीं जोडली आहे. डोक्यांत जें जें असेल तें तें बाहेर काढून एका भरंवशाच्या जागीं लिहावें. प्रत्येकाचें लगेच करावयाचें पाऊल ठरवावें. दुसऱ्यावर अवलंबून असलेलें निराळें ठेवावें. कधीं तरी करावयाचें निराळें ठेवावें. आणि आठवड्यास एकदां सर्व पुनः पाहावें, असा त्याचा आशय. पुस्तक चांगलें आहे, पण सहा गठ्ठे पाहिलेल्या मराठी वाचकास तें परकें वाटूं नये. गंमत अशी कीं, ॲप करणारांनीं या उपदेशाचा पहिला भाग उत्कृष्ट साधला आणि शेवटचा भाग वापरणारावर सोडला. लिहिणें इतकें सुलभ केलें कीं चालतां चालतां तोंडानें सांगितलें तरी काम टिपलें जातें. पुनः पाहणें सुलभ करणें कोणाच्याच हातीं नसतें.

आणि येथें तो दफ्तराच्या घराचा प्रश्न पुनः येतो. बर्लिनच्या एका मंडळीनें २०१० सालीं वंडरलिस्ट नांवाचें फार देखणें ॲप काढलें. लक्षावधि लोकांनीं आपल्या याद्या त्याच्या हवालीं केल्या. २०१५ मध्यें तें मायक्रोसॉफ्टनें विकत घेतलें आणि २०२० च्या मे महिन्यांत बंद केलें. याद्या आपल्या नव्या ॲपांत नेण्याची वाट कंपनीनें ठेवली होती, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. ॲस्ट्रिड नांवाचें दुसरें एक २०१३ मध्यें याहूनें घेतलें आणि कांहीं महिन्यांतच मिटविलें. एव्हरनोट हें तर पुष्कळांचें पंधरा-पंधरा वर्षांचें टिपणघर. त्याचे मालक बदलले, आणि २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणारांस पन्नास टिपणांची मर्यादा पडली. यांत कोणी अन्याय केला असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. दुकान ज्याचें त्यानें तें चालवावें कीं मिटवावें हा त्याचा अधिकार आहे. पण इनाम कमिशनची हकीकत वाचलेल्या मनुष्यानें आपलें दफ्तर दुसऱ्याच्या वाड्यांत ठेवण्यापूर्वीं मागचें दार कोठें आहे एवढें तरी पाहून घ्यावें.

अशा विचारानें आम्ही पुनः निवडीस बसलों, आणि या खेपेस ती अर्ध्या तासांत झाली. रंग, गुण, रकाने यांकडे आम्हीं पाहिलेंच नाहीं. सर्व याद्या एका साध्या फायलींत उतरवून बाहेर नेतां येतात कीं नाहीं, हें प्रथम पाहिलें; दोन ॲपें तेथेंच गळलीं. आजचें तेवढें डोळ्यांपुढें ठेवून बाकीचें खरोखरच दृष्टीआड करतां येतें कीं नाहीं, हें नंतर पाहिलें. यादी दुसऱ्यास दाखवितां येते कीं नाहीं, हें शेवटीं पाहिलें. कारण नानांच्या फडांत आणि तहसील कचेरींत जें होतें आणि आमच्या खिशांत जें नव्हतें, तें म्हणजे विचारणारें माणूस. येथें धनीही आम्हीच आणि कारकूनही आम्हीच. कारकुनानें चुकवावें आणि धन्यानें क्षमा करावी, हा व्यवहार इतका गोड आहे कीं तो सुटणें कठीण. निवडलेल्या ॲपाचें नांव मुद्दामच सांगत नाहीं. हा अंक वाचकांच्या हातीं पडेपर्यंत तें राहील याची हमी आम्हीं कशी द्यावी?

त्या एकशेंचाळीस कामांची छाननी एका रविवारीं केली. सौभाग्यवती शेजारीं बसल्या होत्या आणि त्यांच्या हातीं सहावा गठ्ठा होता. एकसष्ट कामें त्यांनीं आमच्या डोळ्यांदेखत नष्ट केलीं; तबला त्यांत गेला. बाकींपैकीं बरींच प्रतीक्षाधीन निघालीं, कांहीं केव्हांच होऊन गेलीं होतीं, आणि 'चालतें' म्हणण्यासारखीं उरलीं तीं अवघीं अकरा. तेव्हांपासून दर रविवारीं चहाच्या वेळीं आठवड्याचा गोषवारा आम्ही त्यांना वाचून दाखवितों. वरिष्ठ कडक आहेत. दोन रविवारीं एकच काम ऐकूं आलें कीं त्या विचारतात, "हें करायचं आहे, कीं नुसतं लिहायचं आहे?" या प्रश्नास उत्तर देणें बहुधा काम करण्यापेक्षां अवघड जातें.

गेल्या नोव्हेंबरांत शेजाऱ्यांस घेऊन आम्ही बँकेंत गेलों. हें काम त्यांच्या मुलीच्याही यादींत दिसत होतें आणि तिनें पुण्याहून आदल्या रात्रीं फोन केला होता. रिक्षेंत बसतांना त्यांनीं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कागदांची पिशवी छातीशीं धरली होती. रांग मोठी होती, दीड तास लागला, दाखला झाला. परत आल्यावर खिशांतलें यंत्र काढून तें काम खोडावयास गेलों, पण खोडलें नाहीं. पुढच्या वर्षाची तारीख घालून तें नियतकालिकांच्या गठ्ठ्यांत ठेवलें.